पाचव्या पायरीवरचे तीन हिसके

तुमचा नवरा काय काम करतो असं कुणी विचारलं की मी सांगायचे, "चढतो." समोरची बाई वाट बघायची, आता ही पुढे काहीतरी बोलेल. पुढे काही नव्हतंच हो. शिडीवर चढायचं, उतरायचं, पुढची शिडी घ्यायची. बावीस वर्षं माणसाने हेच केलं. एवढं चढून दुसरा एखादा ढगात पोचला असता. आमचे पैलवान संध्याकाळी सहाला परत जमिनीवर, आणि घरी आल्यावर माळ्यावरचं पातेलं काढून द्या म्हटलं तर म्हणायचे, "आता नाही गं, सुटी झाली."

पैलवान हे त्यांचं कारखान्यातलं नाव. कुस्ती त्यांनी लांबून बघितलेलीसुद्धा नाही. तेविसाव्या वर्षी हमालीचं काम मिळतंय का बघायला हे त्या शिड्यांच्या कारखान्यात गेले. मोठे मालक सहज म्हणाले, "ते वरचं खोकं काढून दे रे." हे चढले आणि पाचव्या पायरीवर शिडी यांना घेऊनच खाली आली. हे उठले, कपडे झटकले, आता हाकलणारच म्हणून आपणहून दाराकडे निघाले. मालकांनी हाक मारली. "थांब. वजन किती तुझं?" एकशे दोन किलो. "उद्यापासून ये. मोडेल ती मोडून दाखवायची, हेच तुझं काम."

तेव्हापासून कारखान्याची रीत पडली. प्रत्येक शिडी बाहेर जाण्याआधी पैलवान तिच्यावर चढणार. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय, तेही मधोमध, आणि पाचव्या पायरीवर उभं राहून तीन हिसके. शिडीवर लेबल लागायचं, 'शंभर किलोपर्यंत'. त्या शंभराला पुरावा म्हणजे भिंतीवरचा एक काळा फळा. दर महिन्याच्या एक तारखेला हे पार्सलच्या काट्यावर उभे राहायचे आणि मोठे मालक स्वतःच्या हाताने फळ्यावर आकडा लिहायचे. एकशे दोन. कधी एकशे तीन. एकदा हे तापातून उठले आणि अठ्ठ्याण्णव भरले, तर मालकांनी आठ दिवस एक शिडी दाराबाहेर सोडली नाही. रोज दुपारी यांना समोर बसवून खायला घालायचे. मला राग आला होता. म्हटलं, घरी काय मी यांना उपाशी ठेवते? पण आता कळतं, त्या माणसाला शंभर म्हणजे शंभरच हवे होते.

लेबल लावायचं काम माझं. मुलगी शाळेत जायला लागली तशी मीही त्याच कारखान्यात लागले. यांची शिडी इथं, माझं टेबल चार हातांवर. हे उतरायचे, मी लेबल हातात धरून विचारायचे, "लावू?" हे म्हणायचे, "लाव." दिवसाला साठ वेळा. घरात आमचं एवढं बोलणं कधी झालं नाही. आणि महिन्यातून पाच-सहा वेळा हे म्हणायचे, "नको." मग ती शिडी परत रिबिटवाल्यांच्या टेबलाकडे जायची. रिबिट म्हणजे पायरी आणि दांडा जोडणारा तो जाड खिळा. रिबिटवाल्यांचा मुकादम मोठा तोंडाळ गडी, पण यांच्या 'नको'पुढे तोसुद्धा मान खाली घालायचा. मालकसुद्धा दुसऱ्यांदा विचारायचे नाहीत. गावात, बाजारात लोक म्हणायचे, पैलवानाने पास केलीय ना, मग डोळे मिटून चढ. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

मग मोठे मालक गेले आणि त्यांचे जावई आले. समोर सगळे 'साहेब' म्हणायचे, पाठीमागे 'जावई'. आम्ही म्हटलं, आता आरडाओरडा, शिस्त, दंड. कसलं काय! हा माणूस आवाज चढवतच नाही. डबा घेऊन आमच्यात जेवायला बसतो. स्वतःचं ताट स्वतः धुतो. कुणाची आई आजारी, कुणाच्या पोराची परीक्षा, सगळं पाठ. आणि हुकूम म्हणून देत नाही कधी. फक्त विचारतो, "तुम्हाला काय वाटतं?" तुम्ही आपलं भाबडेपणाने सांगता, तो अजून एक विचारतो, अजून एक विचारतो, आणि शेवटी त्याच्या मनातलं तुमच्याच तोंडून बाहेर पडतं. वर तो म्हणतो, "वा! हे तुम्ही सांगितलंत म्हणून बरं झालं." मी हे ओळखायला चार वर्षं घेतली. तोवर माझ्या तोंडून काय काय निघून गेलं होतं.

दोन वर्षांपूर्वी यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. एक नाही, दोन झाली. त्यात साखरेचं दुखणं निघालं. पाच महिने हे खाटेवर. सहा फुटी माणूस असा उतरला की सदऱ्यात शोधावा लागे. त्या पाच महिन्यांत जावई दर आठवड्याला दवाखान्यात यायचे, पगार एक दिवस थांबला नाही, आणि घरी सोडलं त्या दिवशी त्यांनी स्वतः यांना खांद्याला धरून आमचा जिना चढवला. शेजारीपाजारी बघत राहिले. मी तर त्यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते. मुलगी लांब दिलीय, ती फोनवर म्हणाली, "आई, बाबा बारीक झाले तर किती छान दिसतायत." मी म्हटलं, "छान दिसायचा पगार मिळत नाही गं तुझ्या बापाला."

कारण घरचा काटा सांगत होता, त्र्याहत्तर.

हे कामावर परत गेले तो दिवस एक तारखेचा होता. हे आपणहून पार्सलच्या काट्याकडे वळले. जावई तिथंच उभे होते. हसून म्हणाले, "पैलवान, आज राहू दे. आत्ताच तर उठलाय." फळ्यावर एकशे दोन लिहिलेलं होतं, पाच महिने जुनं. पुढच्या महिन्यात एक तारीख आली आणि गेली. त्याच्या पुढच्याही. ते एकशे दोन कुणी पुसलं नाही, कुणी परत लिहिलंही नाही. खडू धूळ खात पडला.

मधल्या पाच महिन्यांत शिड्या कोण तपासत होतं, असं तुम्ही विचाराल. कुणीच नाही. लेबलं मी लावत होते. ज्यांना 'लावू?' विचारायचं तेच नव्हते, म्हणून विचारत नव्हते. हे माझ्या अंगावरचं आहे, ते मी यांच्या नावावर ढकलणार नाही.

आता दुसरा एखादा सरळ जाऊन म्हणाला असता, साहेब, माझं वजन घटलं, मला दुसरं काम द्या. पण ज्या माणसाने आपल्याला हाताला धरून जिना चढवला त्याला जाऊन सांगायचं, की तुम्ही ज्याचा पगार चालू ठेवला तो आता बिनकामाचा झालाय? आमच्या डोक्याने त्यावर काय तोड काढली ऐका. मी जुन्या ताडपत्रीची एक बंडी शिवली. चौदा खिसे, पुढे सात, मागे सात. भंगारातून लोखंडाचे तुकडे आणले, दोन-दोन किलोंचे, वाजू नयेत म्हणून प्रत्येकाला चिंधी गुंडाळली. त्र्याहत्तर आणि अठ्ठावीस, एकशे एक. वरून यांचे जुने ढगळ शर्ट. ते शर्ट परत अंगाला बसायला लागले, बघा! आम्हा दोघांना त्या दिवशी एवढं हसू आलं. वाटलं, फसवणूक थोडीच आहे, उलट फळ्यावरचं एकशे दोन आपण खरं करतोय. शहाणपणा उतू चालला होता आमचा.

तीन महिने हे ती बंडी घालून चढले. साठ वेळा वर, साठ वेळा खाली. संध्याकाळी गुडघे असे सुजायचे की मी गरम पाण्याचा टॉवेल धरून रडायचे, हे माझी चेष्टा करायचे. आणि त्या तीन महिन्यांत हे 'नको' म्हणायचे तिथं 'नको'च म्हणत होते, एवढं मी लेबलच्या टेबलावरून रोज बघितलंय.

मग एका दुपारी जावई आले आणि बोलता बोलता त्यांनी यांच्या पाठीवर हात ठेवला. हात लोखंडावर पडला. मी चार हातांवरून बघत होते. त्यांनी हात काढला नाही. हळूच थापटलं आणि म्हणाले, "उकडत असेल हो. कशाला एवढा त्रास करून घेता? तुमचा नुसता पाय लागला तरी पुरे आहे आम्हाला." एवढंच. आणि पुढे जाऊन दुसऱ्या कुणाला तरी आईची तब्येत विचारायला लागले.

ते काढा म्हणाले नाहीत. ठेवाही म्हणाले नाहीत. पण आठवडाभराने मी घरातल्या पाण्याच्या पिंपामागे केरसुणी फिरवायला गेले तर तिथं एक डबा, आणि डब्यात बंडीतले तीन तुकडे. महिन्याने आठ. मी तो डबा यांच्यासमोर आणून आदळला. हे म्हणाले, "गुडघे ऐकत नाहीत गं."

"आणि शिड्या?"

"शिड्या चांगल्याच असतात. बावीस वर्षं बघतोय."

दिवाणावर बसलेला तो माणूस इतका थकलेला दिसत होता की मी डबा उचलून परत पिंपामागे ठेवला. शेवटी शेवटी डब्यात चौदाच्या चौदा तुकडे होते आणि हे रिकामी बंडी घालून कामाला जायचे. का? सवय.

मग शिड्याही चांगल्या राहिल्या नाहीत. पायऱ्यांचा पत्रा बदलला. कागदावर काही बदललं नाही, पण यांना आवाज कळतो. हिसका मारला की आधी 'ठक' वाजायचं, आता 'टिंग' वाजायला लागलं. हे जावयांकडे गेले. मी दारात उभी होते.

"साहेब, माल पातळ वाटतोय."

"असं? तुम्हाला काय वाटतं, काय करू या?" जावयांनी खुर्ची पुढे केली. "तुम्ही चढलात ना पण?"

"चढलो."

"मोडली?"

"नाही."

"एकतरी?"

"नाही, पण..."

जावई थांबले. अगदी शांतपणे वाट बघत राहिले. त्या 'पण'च्या पुढे एकच वाक्य होतं, की साहेब, मी त्र्याहत्तर किलोंचा आहे. त्यांना माहीत होतं, यांना माहीत होतं, दारात मला माहीत होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो असा असतो. यांच्या तोंडून ते वाक्य निघालं नाही. जावई म्हणाले, "मग तुम्हीच सांगताय, चांगली आहे. तुमच्यापुढे मी कोण बोलणार?"

त्या दिवसापासून यांचं 'नको' बंद झालं. साठच्या साठ 'लाव'. मी विचारायचे आणि हे माझ्याकडे न बघता म्हणायचे.

गेल्या महिन्यात रंगकामाचा एक ठेकेदार आला. साधा माणूस, नखांत रंग. त्याला चारशे शिड्या हव्या होत्या. जावयांनी त्याला यांच्यासमोर आणून उभं केलं. "आमच्याकडे मशीन नाही, हा माणूस आहे." ठेकेदार जावयांशी बोललाच नाही. यांना म्हणाला, "पैलवान, साठ माणसं आहेत माझी. तीन-तीन मजले चढतात, हातात डबे घेऊन. तुमच्या शब्दावर घेतो. घेऊ?"

हे माझ्याकडे बघत राहिले. माझ्या हातात लेबल होतं. मला वाटलं, आता बोलतील. देवा, आता तरी बोलू दे यांना.

"घ्या," हे म्हणाले.

त्या खुशीत जावयांनी आम्हा सगळ्यांना नव्या मालातली एक-एक शिडी घरी भेट दिली. रविवारी दुपारी मी ती लावली आणि माळ्यावरच्या रजया काढायला चढले. तिसऱ्या पायरीवर होते, इतक्यात हे आतल्या खोलीतून आले आणि असे ओरडले की मी रजयांसकट पडले असते.

"उतर! उतर आधी! मधे पाय नको ठेवूस, कडेला ठेव, कडेला!"

मी उतरले. "मेलं काय झालं ओरडायला? माझं वजन बहात्तर. तुम्ही त्र्याहत्तरचे. तुम्ही रोज साठ वेळा चढता की!"

हे शिडी ओढून बाजूला घ्यायला लागले. मग म्हणाले, "मला माहीत आहे कुठं पाय ठेवायचा."

मला दोन क्षण कळलंच नाही. मग कळलं. कडेला, रिबिटाच्या अगदी जवळ पाय ठेवला तर पायरीच्या मध्यावर भार येतच नाही. हिसकेसुद्धा हे कडेला उभं राहून मारत होते. माझ्या डोळ्यांसमोर, चार हातांवर, आणि मी लेबलं चिकटवत होते.

"आणि त्या ठेकेदाराची साठ माणसं? त्यांना कोण ओरडून सांगणार आहे, कडेला ठेवा म्हणून?"

"मी आता तोंड उघडलं तर आधीच्या शिड्यांचं काय?" हे म्हणाले. "दीड वर्षाच्या शिड्या गं. त्याही मीच पास केल्यात. कुठं कुठं गेल्या असतील, कोण कोण उभं असेल त्यांच्यावर. एकाला हाक मारली तर सगळ्यांना मारावी लागेल. आणि साहेब म्हणतील, पैलवान, तुम्हीच तर सांगितलं होतंत. खोटं नाही बोलणार ते. मीच सांगितलं होतं."

मला यांचा इतका संताप आला, आणि इतकी कीव आली, की दोन्हीचं काय करावं ते कळेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. रजया तशाच जमिनीवर पडल्या होत्या.

सोमवारी पहिला ट्रक भरायचा होता. सकाळी मी पिंपामागचा डबा काढला. बंडी माझ्या मापाची नव्हती, पण ओझ्याला काय माप! चौदा खिसे, चौदा तुकडे. बहात्तर आणि अठ्ठावीस, शंभर. लेबलवर लिहिलंय तेवढेच, एक किलो जास्त नाही. हे म्हणाले, "काय करतेयस?" मी म्हटलं, "तुम्ही फक्त खाली शिडी धरा. बावीस वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलं नाही."

ट्रक लागला होता. ठेकेदार होता, जावई होते, रिबिटवाले सगळे बाहेर आले होते. मी रांगेतली पहिली शिडी ओढली आणि भिंतीला, फळ्याच्या खाली लावली. कुणाला वाटलं गंमत चाललीय. एक, दोन, तीन, चार, दोन्ही पाय मधोमध. पायऱ्या कण्हत होत्या. पाचवीवर उभी राहिले आणि पहिला हिसका मारला. दुसरा मारायला मिळालाच नाही. पायरी मधोमध वाकली, एका बाजूचं रिबिट सुटलं आणि मी नडगी सोलत खाली, थेट यांच्या अंगावर. दोघं जमिनीवर. बंडीतले तुकडे खडखडत बाहेर आले. सगळ्यांनी बघितलं, काय आहे ते.

मी मनात म्हटलं, झालं. सुटलो. नोकरी जाईल, जाऊ दे. सुटलो एकदाचे.

जावई दोन क्षण त्या तुकड्यांकडे बघत होते. मग त्यांनी टाळी वाजवली. हो, टाळी! एक, दोन, आणि मग रिबिटवालेही वाजवायला लागले, त्यांना काय कळलं कोण जाणे. जावई ठेकेदाराकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, मी शपथेवर सांगते, खरं पाणी. "बघितलंत? मालकाने सांगितलं नाही, कुणी सांगितलं नाही. ही बाई स्वतः ओझं बांधून चढली, तुमच्या माणसांसाठी. अशी माणसं आहेत माझी." ठेकेदार येऊन माझ्या पाया पडायला वाकला. "ताई," तो म्हणाला, "आता तुम्ही पास कराल तीच घेणार. उशीर झाला तरी चालेल."

मला ओरडायचं होतं. शब्द शोधत होते, तेवढ्यात जावई माझ्याशेजारी उकिडवे बसले, नडगीला स्वतःचा रुमाल बांधला आणि विचारलं, "ताई, तुम्हाला काय वाटतं, आता काय करायला हवं?"

मी म्हटलं, "जाड पत्रा आणा. आणि विकलेल्या परत मागवा."

"जाड पत्रा पुढच्या मालापासून नक्की. परत मागवायचं बघतो मी, सोपं नाहीये, तुम्हीही जाणता. आणि तोपर्यंत तुम्ही आहात ना."

अशी मी चढायला लागले. पैलवान खाली, लेबलच्या टेबलावर. त्यांच्या गुडघ्यांची सूज उतरली, जेवण जायला लागलं, चेहऱ्यावर रंग आला. तेच मला बांधून घालतं. मी नाही म्हटलं तर उद्या परत हे चढणार, कडेला पाय ठेवून.

पहिल्या आठवड्यात मी एकतीस शिड्या बाद केल्या. जावई प्रत्येक वेळी म्हणाले, "शाबास." मला वाटलं, चला, आपलं ऐकतायत. दुसऱ्या आठवड्यात ते रिबिटवाल्यांच्यात जेवायला बसले. काय बोलले, मला ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवशी मुकादम, जो यांच्याही 'नको'पुढे मान खाली घालायचा, माझ्याकडे येऊन म्हणाला, "वहिनी, साहेब काही म्हणाले नाहीत, बरं का. पण परत आलेल्या शिड्या आम्हाला सुटीनंतर बसून कराव्या लागतायत. माझ्या बायकोचे दिवस भरत आलेत, घरी कुणी नाही. तुम्ही जरा आमच्याकडेही बघा." त्या आठवड्यात मी नऊ बाद केल्या. शिड्या सुधारल्या असतील, असं मी मला सांगितलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात दोन.

फळ्यावर अजून एकशे दोन आहे. परवा मी ओल्या फडक्याने पुसायला गेले, तर रिबिटवालेच म्हणाले, राहू द्या वहिनी, शोभतं.

माझे गुडघे आता संध्याकाळी वाजतात. हे टॉवेल गरम करून आणतात. त्या रविवारी मी यांना काय काय बोलले होते, भित्रे, ओशाळे, खाल्ल्या मिठाला नको तितके जागणारे, ते दोघांनाही आठवतं. आज सकाळी बंडी घालताना उजव्या बाजूचा एक तुकडा टोचत होता. मी तो काढून बाजूला ठेवला. एकच. संध्याकाळी चिंधी नीट बांधून परत घालू म्हटलं. पिंपामागचा डबा हाताशीच होता.

अकरा वाजता एक शिडी आली. पाचव्या पायरीवर उभी राहिले. पहिला हिसका, टिंग. खाली बघितलं, मुकादम हात पुसत उभा होता. लांब दारात जावई कुणाशी तरी हसून बोलत होते, माझ्याकडे त्यांचं लक्षसुद्धा नव्हतं. दुसऱ्या हिसक्याला माझा उजवा पाय सरकला. मी तो सरकवला नाही, तो आपणहून सरकला, असं मी म्हणेन. कडेला, रिबिटाजवळ. तिसरा हिसका मारून मी खाली उतरले.

पैलवानांनी सगळं बघितलं होतं. बावीस वर्षं त्या पायऱ्यांवर घालवलेल्या माणसाला पाय कुठं पडला ते कळत नाही होय? त्यांच्या हातात लेबल होतं. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि अगदी हळू, घरात बोलतात तसं विचारलं, "लावू?"

मला वाटलं, हे आता 'नको' म्हणतील, माझ्याऐवजी हेच म्हणतील. यांना वाटत होतं, मी म्हणेन. मागे पुढची शिडी येऊन थांबली होती.

"लावा," मी म्हणाले.